तुम्ही विचारलंत: चर्च म्हणजे भिंती की माणसं?

प्रश्न: आमच्या चर्चचं दुरुस्तीचं काम निघालंय, त्यामुळे आठ महिने मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, शाळेच्या हॉलमधे होतेय. सासूबाई म्हणतात हॉलमधे जाऊन चर्चला गेल्यासारखं वाटतच नाही. मुलगा कॉलेजला आहे, तो म्हणतो चर्च म्हणजे बिल्डिंग नाही, माणसं, मग मी घरी मोबाईलवर मिस्सा बघितली तर काय बिघडलं? खरं कोणाचं?
एक वाचक, वसई

उत्तर: ताई, मुलाचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, दुसरं त्यातून निघत नाही. बायबलच्या नव्या करारात चर्चसाठी मूळ ग्रीक शब्द आहे एक्लेसिया, म्हणजे बोलावल्यावर जमलेले लोक. अथेन्समधे नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता, आणि त्या सभेला जो आलाच नाही तो सभेत नव्हता, इतकं साधं. आपल्या मराठी बायबलमधे त्याला 'मंडळी' म्हटलंय आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण भजनी मंडळी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टाळ घेतलेली माणसं येतात, देवळाचा सभामंडप नाही. प्रेषित पौल रोमकरांच्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरच्या मंडळीला सलाम सांगतो, म्हणजे तेव्हा घरातच जमायचे, पण जमायचे! एकेकटे आपापल्या घरी नाही. मोबाईलवरची मिस्सा आजारी माणसाला, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना मोठा आधार आहे, धडधाकट पोराला नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका. नवीन चर्च अर्पण करताना बिशप वेदीला आणि भिंतींना पवित्र तेल लावतात, आणि हे तेच तेल असतं जे बाप्तिस्म्यात माणसाच्या डोक्याला आणि दृढीकरणात, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्कारात, कपाळाला लावतात. म्हणजे त्या भिंतींना आपण जवळजवळ माणसासारखंच वागवतो, मग त्यांची आठवण येणारच ना.

तुम्ही वसईच्याच आहात म्हणून सांगते, किल्ल्यात एकदा फिरून या. 1739 मधे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली मोठमोठी चर्चेस हळूहळू ओस पडली, सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे पण खाली छप्पर नाही. छप्पर गेलं तरी नंदाखाल, गिरीज, पापडीची मंडळी कुठे गेली? ती आहेच, तुम्ही त्यातल्याच.

आणि आपल्या संत गोन्सालो गार्सियांचं तर सगळ्यांना माहितीय, जन्म वसईचा, 1597 मधे जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं, सोबत आणखी पंचवीस जण. पण पुढची गोष्ट कमी लोकांना माहिती असते. 1614 मधे तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, चर्चेस पाडली, पुढे फादरही उरले नाहीत, तरी नागासाकीजवळच्या उराकामी गावातले शेतकरी लपूनछपून आपसात बाप्तिस्मा देत राहिले, प्रार्थना तोंडपाठ करून पोरांना शिकवत राहिले, आणि हे दोनशे वर्षांहून जास्त चाललं! भिंत नाही, घंटा नाही, फक्त मंडळी. मग फ्रेंच फादरांनी नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउराचं चर्च बांधलं, त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने, म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही. मार्च 1865 मधे उराकामीची पंधराएक माणसं तिथे आली आणि एका बाईने फादर पतीज्यां यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, म्हणजे श्रद्धा तीच, आणि विचारलं सांता मारियाची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती कुठे आहे. मला हे दरवेळी वाचताना भरून येतं. इतकी वर्षं ती माणसं चर्चशिवाय चर्च होती, पण उघडपणे पुढे आली ती इमारत उभी राहिल्यावरच. आपलं माणूस कुठे भेटेल हे कळायला जागा लागते हो.

म्हणून असं करा, सासूबाईंना विचारा चर्चमधे त्यांच्या बाकावर शेजारी कोण बसायचं, आणि हॉलमधे त्याच बाईंच्या शेजारी त्यांची खुर्ची धरा. रविवारी त्यांना स्कूटरवर न्यायचं काम मुलाकडे द्या. आणि त्याला सांगा, आजीला दारात सोडून परत यायचं नाही, मिस्सा संपेपर्यंत तिच्याबरोबर बसायचं.