ऑफसेट म्हणजे टाइमझोन नव्हे

प्रोग्राममध्ये घडून गेलेल्या घटनेची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, साठव, तिथं फारसं चुकत नाही. गोची होते पुढच्या तारखांची. त्यांच्यासोबत स्थानिक वेळ आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं झोनचं नाव, दोन्ही ठेव. नुसता ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, उणे ५ तास असा लिहिलास तर उन्हाळ्यात तासाची चूक ठरलेली, कारण तेव्हा तिथं घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं आणि फरक उणे ४ असतो. ९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये रात्री घड्याळ २ वरून थेट ३ वर गेलं, २:३० वाजलेच नाहीत. २ नोव्हेंबरला घड्याळ तासभर मागे आलं, १:३० दोनदा वाजले. म्हणून 'उद्या याच वेळी' काढताना २४ तास मिळवू नकोस, तारखांच्या लायब्ररीला (तयार कोडला) त्या झोनमधला एक दिवस पुढे न्यायला सांग. आणि हो, जावास्क्रिप्ट भाषेतल्या डेटला (तारखेच्या ऑब्जेक्टला) नुसतं '२०२५-०३-०९' दिलंस तर यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते. न्यूयॉर्कमध्ये आदली तारीख दिसते. वाढदिवसाला तर वेळ चिकटवूच नकोस.