तिसऱ्या क्रमांकाच्या पिचरला पत्र

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बेसबॉल संघात तिसऱ्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून तुझी निवड झाली, त्यामुळे तू खट्टू झाला आहेस हे पत्रातून जाणवले. जपानचा नामवंत पिचर हिरोकी कुरोदाही ओसाकातील उएनोमिया शाळेच्या संघात तिसऱ्याच क्रमांकावर होता. त्याचे वडील व्यावसायिक बेसबॉल खेळलेले होते, तरी त्याला संधी फारशी मिळत नसे. जपानच्या शालेय स्पर्धांत मुख्य पिचरकडून लागोपाठच्या सामन्यांत शंभराहून अधिक चेंडू टाकून घेण्याची जुनी रीत होती आणि तिच्यापायी अनेक गुणी मुलांचे खांदे अकाली निकामी झाले. कुरोदाचा हात त्या वयात वाचला, हे मी त्याचे भाग्यच समजतो.

1997 मध्ये तो हिरोशिमा कार्प या जपानी व्यावसायिक संघाकडून खेळू लागला. 2005 मध्ये त्याने 15 सामने जिंकले आणि 2008 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्स संघात गेला. पुढचा भाग तू नीट वाचावास असे मला वाटते. जपानमध्ये आठवड्यातून एकदा पिचिंग करण्याची सवय, तर अमेरिकेत पाळी दर पाचव्या दिवशी. शिवाय तिथला चेंडू अधिक गुळगुळीत. प्रत्येक फलंदाजाला वेगाने चकवत बसलो तर हात टिकणार नाही, हे ओळखून त्याने टू-सीम चेंडूवर भर दिला. पहिली दोन बोटे अरुंद शिवणींवर टेकवून टाकलेला हा चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या कमरेच्या रोखाने येतो, फलंदाज अंग चोरतो आणि तेवढ्यात चेंडू वळून होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या जमिनीवरील पाटीच्या, आतल्या कडेवरून जातो. फलंदाजाने बॅट घातलीच, तरी बहुधा चेंडू जमिनीवरून सरपटत क्षेत्ररक्षकाकडे जातो आणि तीन-चार चेंडूंची बचत होते. म्हणूनच 2010 ते 2014 या पाचही हंगामांत तो 31 किंवा त्याहून अधिक सामन्यांत पहिल्या चेंडूपासून उतरला, आणि शेवटच्या हंगामात तर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने 199 डाव (एक डाव म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा खेळ) टाकले.

बेसबॉलमध्ये सामन्यातील जय-पराजय पिचरच्या नावावर नोंदवतात; अमेरिकेत त्याचे विजय 79 आणि पराभवही 79. केवळ हे आकडे पाहून त्याला मध्यम प्रतीचा ठरवणाऱ्यांशी मी कधीच सहमत झालो नाही, कारण आपल्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत तर पिचर तरी काय करणार?

2006 च्या अखेरीस तो संघ सोडून जाईल अशी चर्चा असताना हिरोशिमाच्या चाहत्यांनी मैदानात भलामोठा फलक उभारला होता: तुला रडू आले, तर तुझे अश्रू आम्ही होऊ. तेव्हा तो थांबला. पुढे अमेरिकेतील कितीतरी मोठ्या रकमेचे प्रस्ताव बाजूला ठेवून 2015 मध्ये तो त्याच संघात परतला. 10 सप्टेंबर 2016 रोजी टोकियो डोममध्ये कार्पने 25 वर्षांनी सेंट्रल लीगचे (जपानच्या दोन व्यावसायिक लीगपैकी एकीचे) विजेतेपद मिळवले, त्या सामन्याची सुरुवात एक्केचाळीस वर्षांच्या कुरोदानेच केली होती आणि नंतर सहकाऱ्याला मिठी मारून तो मैदानातच रडला. दोन्ही देश मिळून 203 विजय नोंदवून त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

तुझ्या प्रशिक्षकांनी आणखी एखादा सामना दिला, तर आधी टाकलेल्या चेंडूंची संख्या वहीत लिही आणि ती त्यांना दाखव. कोपरात कळ येत असेल तर ती लपवू नकोस. टू-सीमची पकड मी समोर बसवून शिकवीन; तोवर चेंडू हातात घेऊन शिवणींवरून नुसती बोटे फिरवत राहा.

तुझा हितचिंतक