पीएचडी: आधी गाईड, मग कॉलेज

अगं, पीएचडी आयआयटी रुरकीतून करू की अहमदाबादच्या सेप्ट या वास्तुकलेच्या विद्यापीठातून, असं विचारतेस, पण हे नंतर. तुला जुन्या नाशकातल्या वाड्यांवर काम करायचंय ना? मग त्या विषयातला गाईड शोध. त्यांचे अलीकडचे पेपर वाच, आणि त्यांच्याकडे जागा आहे का ते सरळ ईमेलने विचार. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ च विद्यार्थी घेता येतात. माझा गाईड दोन वर्षांत निवृत्त झाला, नवा मिळेपर्यंत माझे हाल झाले. म्हणून निवृत्तीचं सालही विचार, लाजू नकोस! नोकरी सोडवत नसेल तर पार्ट-टाइम चालतं, ऑफिसची एनओसी लागते. आणि फील्डवर्क गोदाकाठी, म्हणजे प्रवासखर्चही धर.