इचारा की! : पब्लिकचं वोटिंग, भुताचे पिक्चर आन डेअरीतला क्यूआर कोड

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या की अमेरिकेत भुताखेताच्या, परग्रहाच्या आणि जादूटोण्याच्या पिक्चरला पब्लिक स्वतः वोट करून बक्षिसं द्यायची. तेवढ्यावर एवढे प्रश्न आले की पिकावरच्या औषधांचे आणि पीएफचे सगळे प्रश्न यावेळी बाजूला ठेवले. रुसू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : सर, तो शो नेमका कोणता? माझा पोरगा म्हणतो असं काही नसतंच, अवॉर्ड म्हणलं की ऑस्कर. आन असला तर आता दिसत कामून नाही? – एक वाचक, परभणी

पोराला सांगा, होता. स्क्रीम अवॉर्ड्स नाव, म्हणजे किंकाळी पुरस्कार म्हणा. स्पाइक टीव्ही नावाचं चॅनल होतं, त्यांनी २००६ ला सुरू केला आणि २०११ ला शेवटचा झाला. दरवर्षी ऑक्टोबरात, म्हणजे तिकडं हॅलोविनचं, त्यांच्या भुताखेताच्या सणाचं, वारं सुटलेलं असतं तेव्हा. नंबरात कोण बसणार याची यादी या धंद्यातली जाणती मंडळी काढायची आणि त्यातून कोण जिंकणार हे लोक ऑनलाइन मत देऊन ठरवायचे. आता का दिसत नाही म्हणाल तर चॅनलनं काढलेला शो चॅनलच्या मर्जीवर असतो, पुढं तर त्या चॅनलचं नावच राहिलं नाही, २०१८ पासून ते पॅरामाउंट नेटवर्क झालं.

मला तो शो आवडायचा तो बक्षिसांच्या नावांमुळं. बेस्ट अॅक्टर वगैरे होतंच, पण सोबत 'लक्षात राहील अशी कापाकापी' यालाही ट्रॉफी, 'खुर्चीवरून उडवणारा सीन' यालाही ट्रॉफी. म्हणजे आपण थेटरातून बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलतो त्याचंच बक्षीस केलेलं. ऑस्करवाल्यांना हे सुचणार आहे का कधी.

२००८ ला तिथं सगळ्यात मोठं बक्षीस बॅटमनच्या 'द डार्क नाइट' या पिक्चरला गेलं. तोच पिक्चर ऑस्करला बेस्ट पिक्चरच्या पाच नावांत सुद्धा आला नाही. लई बोंबाबोंब झाली आणि पुढच्याच वर्षी ऑस्करनं पाचाची यादी दहाची केली. आता याच एका पिक्चरमुळं केली असं मी म्हणणार नाही, पण बोंब कानावर गेली नसेल असंही नाही.

अजून एक, पोरगा सॅटर्न अवॉर्डचं नाव काढील तर ते वेगळं प्रकरण आहे. त्यामागची संस्था १९७२ ची, डोनाल्ड रीड नावाच्या माणसानं काढलेली, सायन्स फिक्शन, फँटसी आणि हॉररसाठीच. पण तिथं संस्थेचे मेंबर मत देतात, येणारा जाणारा नाही. फरक तिथंच पडतो आणि पुढच्या प्रश्नात सगळं भांडण त्यावरच आहे.

प्रश्न : दादा, आमचं बीड जिल्ह्यात लहानसं वाचनालय आहे. मागच्या वर्षी आम्ही भुताच्या आणि विज्ञानाच्या गोष्टींची स्पर्धा घेतली, लोकांनी मोबाईलवर मत द्यायचं आणि जास्त मतं त्याचा नंबर. झालं काय, एका स्पर्धकाच्या मामाचं दूध संकलन केंद्र आहे, त्यानं आमचा क्यूआर कोड फॅट काढायच्या मशीनशेजारी चिकटवला आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणला आधी हे दाबा मग पावती. चारशेच्या वर मतं. गोष्ट कुणी वाचलीच नव्हती. आता कमिटी म्हणते वोटिंग बंद, परीक्षक बोलवा. तुमचं काय म्हणणं? – वाचनालयाची कार्यकर्ती, बीड जिल्हा

ताई, आधी पोटभर हसून घेतलं, माफ करा. त्या मामाला माझा नमस्कार सांगा, असा माणूस आमच्या मासिकाच्या खपासाठी पाहिजे.

पण ही नुसती तुमच्याकडची गंमत नाही. खुद्द ऑस्करवाल्यांनी २०२२ ला लोकांचा आवडता पिक्चर ट्विटरवर निवडायला लावला, एका अकाउंटवरून दिवसाला वीस मतं चालतील असा नियम. आता दिवसाला वीस मतं देत कोण बसतं सांगा, ज्याला पिक्चर आवडला तो की ज्याला दुसरं काम नाही तो? निकाल आला तेव्हा झॉम्बीचा एक पिक्चर पहिला, आणि टाळ्या घेणारा क्षण म्हणून दुसऱ्या एका पिक्चरमधला सीन पहिला, आणि दोन्ही पिक्चर एकाच डायरेक्टरचे. त्याचे फॅन संघटित आहेत, बास. तुमच्या डेअरीतच झालं असं समजा.

आमच्या लहानपणी गणपतीत गल्लीत पडदा बांधून पिक्चर लावायचे. कोणता लावायचा ते मंडळाचा अध्यक्ष खुर्चीवर उभा राहून दोन नावं घ्यायचा आणि ज्याला जास्त टाळ्या तो लागायचा. पुढं आम्ही बारक्या पोरांचा घोळका, शिट्ट्या मारायला तयार, मागं बाया मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या. दरसाली भुताचा लागायचा. बाया उठून घरी. संख्येनं त्या आमच्या दुप्पट असतील पण आवाज आमचा. तेव्हा मला ते लई लोकशाहीचं वाटायचं.

म्हणून वोटिंग बंद करू नका, मोजायची पद्धत बदला. यात सगळ्यात पिकलेले लोक म्हणजे ह्यूगो अवॉर्डवाले. विज्ञानकथेच्या वाचकांचं वर्ल्डकॉन नावाचं संमेलन १९३९ पासून भरतं, त्यातले मेंबर १९५३ पासून हे बक्षीस देतात, ट्रॉफी रॉकेटच्या आकाराची. नाव ह्यूगो गर्न्सबॅकचं, ज्यानं १९२६ ला फक्त विज्ञानकथांचं मासिक काढलं होतं. तिथं मत द्यायचं तर मेंबर व्हावं लागतं, पैसे भरून. म्हणजे पहिली चाळणी तिथंच. तुमच्याकडं वाचनालयाचं कार्ड आहे तोच मतदार करा, मामाचे निम्मे गिऱ्हाईक गळाले.

दुसरी गोष्ट, आणि ही नीट वाचा, कारण खरी मजा यात आहे. ह्यूगोत एकच नाव नाही निवडायचं, क्रम लावायचा, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. समजा तुमच्याकडं साठ जणांनी मत दिलं आणि गोष्टी तीन : वाडा, विहीर, रॉकेट. पहिल्या पसंतीत वाड्याला २५, विहिरीला २०, रॉकेटला १५. मागच्या वर्षीच्या पद्धतीनं वाडा जिंकला, पेढे वाटा. पण थांबा, साठातल्या पस्तीस जणांनी वाडा पहिला लावलेलाच नाही. मग सगळ्यात खालची, रॉकेट, बाद करायची आणि त्या पंधरा चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, त्यावर दुसरी पसंती काय लिहिली ते बघायचं. समजा १२ जणांनी विहीर लिहिली, ३ जणांनी वाडा. आता विहीर ३२, वाडा २८. निम्म्याच्या वर गेली, विहीर जिंकली. ज्याच्या मागं एक घट्ट टोळकं आहे पण बाकी कुणालाच तो नको, असा गडी या पद्धतीत अडकतो. मोजायला वेळ लागतो, पण चिठ्ठ्या टेबलावर गठ्ठे करून सगळ्यांसमोर मोजा, लोक चहा पीत बघत बसतील, निकालापेक्षा हेच आवडंल त्यांना.

आणि यादीत सगळ्यात खाली एक ओळ छापा : 'यापैकी कुणालाच नको'. ह्यूगोत ती असते आणि शोभेला नसते. २०१५ ला, मेंबर नावं सुचवतात त्या पहिल्या फेरीत, एका गटानं आपल्या मर्जीची नावं ठरवून सगळ्यांनी तीच भरायची असं केलं, नामांकनाच्या याद्या त्यांनीच व्यापल्या. बाकीचे मेंबर चिडले आणि पाच विभागांत 'कुणालाच नको' जिंकलं. पाच विभाग, रॉकेट तसंच परत कपाटात. मग नामांकन मोजायचा नियमच बदलला आणि २०१७ पासून तो लागू आहे, त्यात ठरवून एकसारखी यादी भरणाऱ्यांचा जोर आपोआप कमी होतो.

तरी लोक थांबतात का? २०२४ ला वर्ल्डकॉन ग्लासगोला होतं, तिथं ह्यूगोला ३,८१३ मतं आली, त्यातली ३७७ बाद केली, दहातलं एक धरा. कशावरून पकडलं, तर मतदारांच्या नावांवरून. ओळीनं काही आडनावं अशी की फक्त पहिलं अक्षर बदलत गेलेलं, आणि काही नावं म्हणजे चक्क एकापुढचे एक आकडेच, भाषांतर करून. आपल्याकडं कुणी एकनाथ, दोननाथ, तीननाथ लिहावं तसं. पण मला त्यांचं एक आवडलं. ज्याच्या फायद्यासाठी हे चाललं होतं त्याचं नाव त्यांनी जाहीर केलं नाही, कारण त्याला हे माहीत होतं असं काही दिसत नव्हतं. खोटी मतं काढली, उरलेली मोजली, विषय संपला.

तुमच्या त्या भाच्याचं पण तसंच असंल बघा. पोरानं गोष्ट मनापासून लिहिलेली असंल, मामानं घोळ घातला. यंदा त्याला परत लिहायला सांगा आणि मामाला चिठ्ठ्या मोजायला बसवा. आकड्यात माणूस हुशार आहे.

प्रश्न : परीक्षक बरे की पब्लिक? एका ओळीत सांगा. – जालना

एका ओळीत नाही होणार. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची गोष्ट आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिला नंबर आला तिचा. मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून बसलेले. आपलं नाव बघून नंबर देऊ नये म्हणून केलं त्यांनी. आता हेच पब्लिक वोटिंगला असतं तर जगतापाला कोण ओळखतंय, चार मतं पडली नसती, आणि नारळीकर नावानं टाकली असती तर न वाचता हजार पडली असती. पुढं तेच नारळीकर २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तर जालनाकर, नवा माणूस शोधायचा असंल तर नाव झाकलेला परीक्षक, आणि लोकांच्या मनात काय बसलंय ते बघायचं असंल तर पब्लिक. दोन्ही ठेवा की, कुणी अडवलंय.

प्रश्न : माझ्या मते भुताच्या गोष्टींना बक्षिसं देणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. आपण यावर लिहावं. – सेवानिवृत्त शिक्षक, हिंगोली

गुरुजी, तुमचा मान राखून सांगतो, मला नाही पटत. बुवाबाजी करणारा म्हणतो हे खरं आहे, पैसे काढ. गोष्ट सांगणारा म्हणतो हे खोटं आहे, पण बस जरा. दोघांत लई अंतर आहे.

आमच्याकडं थ्री फेज लाईट रात्रीची असायची, हरभऱ्याला दारं धरायला रात्री बारा एकला जावं लागायचं. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, पायात गमबूट असला तर नशीब. माझे चुलते जाताना आम्हाला चकव्याच्या गोष्टी सांगायचे, की बांधावर एक जण भेटतो, रात्रभर त्याच वावरात गोल गोल फिरवतो आणि पहाटे कळतं की आपण विहिरीपासून दहा पावलं पण गेलो नाही. मी मोठा झाल्यावर त्यांना इचारलं, काका, तुम्हाला भेटला का कधी चकवा? तर म्हणले, येडा का काय, भीती सापाची वाटायची, पण सापाची गोष्ट सांगितली असती तर तुम्ही पोरं सोबत आला नसता. चकव्यापायी बॅटरी धरायला तरी यायचे.

प्रश्न : मी दहावीत आहे. ह्यूगोला मला पण वोट करता येतं का? पप्पा म्हणतात ते फॉरेनच्या लोकांचं असतं. – एक विद्यार्थिनी, लातूर

येतं बाळा. मेंबर कुठल्या देशाचा आहे ते बघत नाहीत, संमेलनाला जायची पण गरज नाही. फी साधारण पन्नास डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबानं काही हजार, ते पप्पांशी तू बोलून घे, मला मधे घेऊ नको. पण पप्पांना एक सांग, मेंबर झालं की नामांकनातल्या बऱ्याच कथा कादंबऱ्यांच्या डिजिटल कॉप्या वाचायला मिळतात, प्रकाशकांनी दिल्या तेवढ्या. वाचून मग क्रम लावायचा. आणि २०१५ ची बेस्ट कादंबरी चिनी लेखकाची होती, लिऊ त्सिशिनची, भाषांतर होऊन इंग्रजीत गेलेली, तेव्हा फॉरेन फॉरेन काय सांगतात म्हणावं. मोबाईलवर पण वाचता येतं सगळं. फक्त मार्चच्या आत सुरू करू नको, तुझ्या बोर्डाच्या परीक्षेला 'यापैकी कुणालाच नको' असा पर्याय नसतो.