आजीच्या मातीला सगळे गात काहून होते?

लाडक्या पोरी,

आजीच्या मातीचा व्हिडिओ पाहून तू विचारलंस, "आई, सगळे रडतही होते आणि गातही होते, असं कसं? आणि शेजारची मावशी तेरवीचं विचारत होती, ती आपण काहून करत नाही? आणि आजी आता कुठे आहे?" हे मेसेजमध्ये मावायचं नाही, म्हणून पत्र.

आधी गाण्याचं. इथे कॅनडात माणूस गेला की काळे कोट आणि दबक्या आवाजातलं बोलणं, तेवढंच तू पाहिलंस. अचलपूरकडे कोणाच्याही घरी माणूस गेला तर भजन होतं, मग आपण ख्रिस्ती म्हणून आपल्याच घरी काहून होऊ नये? पेटी, ढोलकी, टाळ सगळं तेच. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूची गाणी अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली, ती आपल्या उपासनेत आजही गातात. त्याआधी ते काही काळ नागपुरात होते, तेवढ्यावर आबाजी त्यांच्यावर हक्क सांगतात!

आता रडण्याचं. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू बेथानीला गेला. थोड्या वेळात आपण त्याला जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे, वाच. "विश्वासणाऱ्यानं रडू नये" म्हणणारे लोक मला कधीच पटले नाहीत. प्रेषित पौलानेही थेस्सलनीकरांना पत्रात एवढंच लिहिलं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका.

मृगाचा पाऊस पडून गेला होता. काळी माती फावड्याला अशी चिकटत होती, की तुझा मामा दर दोन फावड्यांनी ती हाताने खरवडून काढायचा. मूठमाती द्यायला गेले तर माझ्या हातात नुसता लगदा, सुटेचना. शवपेटीवर तो धपकन पडला आणि तो आवाज मला सगळ्यात जास्त लागला. पाळकसाहेब तेव्हा पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचत होते. जे पेरतो ते नुसतं बी असतं, देव त्याला शरीर देतो, असं तिथे आहे. शेजारचे काका पेरणी सोडून आले होते, विठ्ठलाचे माळकरी. परतताना म्हणाले, "खरं हाय बाई. आपन सरकीच टोबतो, बोंड थोडंच टोबतो!" त्या दिवसात मला त्या वाक्यानेच सगळ्यात जास्त धीर दिला.

तेरवीचं असं, की गेलेल्याची पुढची वाट आपण काही केल्याने सुकर होते, असं आपल्या मंडळीत मानत नाहीत. जे व्हायचं ते ख्रिस्ताने केलं, असा विश्वास. कॅथलिक लोक मात्र मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, अर्पण करतात, 2 नोव्हेंबरला तर खास. म्हणजे ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकाच रीतीचे, असंही नाही. पण गावाला घरी जेवायला बोलावण्यात काय वावगं? मामाने प्रार्थना ठेवली आणि मागून वरण-भात, वांग्याची भाजी. ज्या मावशीने तेरवी विचारली, तिनेच पोळ्या लाटल्या.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आजी आता कुठे आहे. कोणी म्हणतात, जगाच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती निजली आहे. मला लूकच्या शुभवर्तमानातला, येशूच्या बाजूला वधस्तंभावर असलेला चोर आठवतो. त्याला येशू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आजी आपल्याला पाहते का, हे काही तिथे लिहिलेलं नाही, म्हणून मी तसं सांगणार नाही. पण ती कोणाजवळ आहे हे कळतं, आणि रात्री झोप लागायला मला तेवढं पुरतं.

रविवारी आबाजींना फोन कर. उपासनेहून आले की ते बोलायला मोकळे असतात. आजीचं आवडतं गीत म्हणायला सांग. सूर सोडतात, हसू नको.

तुझी,
आई