हे हा शिकला तरी कुठून?

‘मॅडम, आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारत नाही, मग हे हा शिकला तरी कुठून?’ ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मी फार वेळा ऐकते. अलीकडे तो कासारवडवलीहून आलेल्या एका आईने विचारला (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). तिचा पाच वर्षांचा मुलगा मनासारखे झाले नाही की आजीवर ओरडायचा आणि हाताला येईल ते आपटायचा. शाळेतून मात्र एकही तक्रार नव्हती, आणि आईला खरे कोडे त्याचेच होते.

पहिल्याच भेटीत त्याने दोन खुर्च्या जोडून गाडी केली. थोडा वेळ ती चालली, मग ‘ट्रॅफिक लागलं’ असे म्हणून त्याने हवेतल्या स्टिअरिंगवर तळहाताने दोनदा थाप मारली आणि मान झटकून म्हणाला, ‘ह्यांना लायसन दिलं कोणी?’ शेजारी बसलेल्या वडिलांनी नजर खाली वळवली. रोज सकाळी त्याला शाळेत सोडताना त्यांची गाडी घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या कोंडीत अडकत असे आणि मागच्या सीटवरून तो हे सारे पाहत असे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली साधारण तीन ते सहा वर्षांच्या 72 मुलांवर केलेला प्रयोग मी त्या दोघांना सांगितला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे तसेच मारले आणि त्याचे शब्दही उचलले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 1965 मधला प्रयोग. मारणाऱ्याला शिक्षा झाल्याचे पाहिलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय केले ते करून दाखव, बक्षीस मिळेल’ असे म्हणताच त्यांनीही ते इतरांइतकेच करून दाखवले. म्हणजे शिकली सगळीच होती. कुठे करायचे आणि कुठे नाही, एवढेच ती पाहिलेल्या परिणामावरून ठरवत होती. या मुलाने गाडीत पाहिले होते की बाबा चिडले की आई गप्प होते, आणि घरी त्याने आवाज चढवला की आजी त्याच्या हातात मोबाइल देत असे. शाळेत असे काही हाती लागत नव्हते.

वडिलांना अपराधी वाटू लागले होते, पण अपराधीपणाचा मुलाला काही उपयोग नसतो. राग गिळून टाका, असेही मी त्यांना सांगितले नाही, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची नक्कल मूल करू शकत नाही. कोंडीत अडकल्यावर ‘मला राग आलाय, जरा काच खाली करून श्वास घेतो’ असे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे आणि तोल गेलाच, तर त्याच्यादेखत माफी मागावी, एवढे आम्ही ठरवले. ओरडल्यावर मोबाइल द्यायचा नाही, हे आजींच्या गळी उतरवायला मात्र वेळ लागला.

दीड महिन्यानंतर आई सांगत होती की आपटाआपटी कमी झाली आहे, पूर्ण थांबलेली नाही. आदल्या रात्री रिमोट चालेना म्हणून आजी वैतागल्या, तेव्हा त्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, ‘आजी, आधी काच खाली कर.’