चिडलेल्या माणसाला 'निवांत व्हा' म्हटलं तर काय चुकलं? शांत, स्वस्थ आणि निवांत यांत फरक काय?

तुम्ही लिहिलंय की इंदूरहून बदली होऊन जळगावच्या बँकेत आलात, काउंटरवर तणतणणाऱ्या एका शेतकऱ्याला 'काका, निवांत व्हा' म्हणालात आणि ते आणखीच भडकले. भडकणारच. त्यांना ते 'तुम्हाला काय घाई आहे, बसा आरामात' असं ऐकू गेलं असणार, आणि तेही दोन तास रांगेत उभं राहिल्यावर!

राग शांत होतो, भांडण शांत होतं, वर्गातला गोंगाट शांत होतो. यातलं काहीही निवांत होत नाही. निवांत असतो तो माणूस ज्याच्या मागे कसलं लचांड नाही, ज्याला कुणी हाका मारत नाही. सवड हवी आणि त्या सवडीत डोक्याला घोर नको, दोन्ही जमलं तर निवांत. रविवारची सुट्टी आहे, पण सोमवारी हप्ता भरायचाय, तर ती नुसती सुट्टी.

आवाजाशी तर या शब्दाचा फारसा संबंधच नाही. आता इथे आलाच आहात तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एखाद्या खेड्यात जाऊन बघा. कापूस विकून झालेला, रब्बी निघालेली, पेरणीला अजून अवकाश. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपून नवं ठरतं ते याच दिवशी. लेकी माहेरी आलेल्या, कडुनिंबाला झोके बांधलेले, खापरावर मांडे पडतायत, आमरसाची पातेली भरलीत, तिकडे पारावर पत्त्यांचा डाव रंगलाय. झोक्यावरची गाणी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतात. शांतता औषधालाही सापडणार नाही. पण सासरी सकाळी उठल्यापासून जिचा पाय ठरत नाही, ती लेक त्या झोक्यावर अगदी निवांत असते, कारण 'चहा टाक गं' म्हणायला तिथे कुणी नाही. (मांडे करणारी तिची आई त्या दिवशीही निवांत नसते, हे कुणी सहसा बोलत नाही.) उलट दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर टाचणी पडली तरी ऐकू येईल. तिथे बसलेल्यांपैकी एक जण तरी निवांत असेल का?

या शब्दाचं नातं संस्कृत 'निवात'शी जोडतात. निवात म्हणजे जिथे वारा पोचत नाही अशी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला निवात जागेतल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे (श्लोक १९). मला ही व्युत्पत्ती पटते, कारण निवांतपणातही बाहेरून काही येऊन आपल्याला हलवत नाही, हेच मुख्य आहे.

रोजच्या बोलण्यात मात्र योगी वगैरे कुणी नसतो. 'निवांत ये' म्हणजे घाई करू नकोस. 'निवांत बोलू' म्हणजे विषय मोठा आहे, असा उभ्या उभ्या उरकायचा नाही. 'निवांत जागा' म्हणजे जिथे वर्दळ नाही. धाकट्या मुलीचं लग्न लागलं की बाप म्हणतो, 'चला, आता निवांत झालो'. तिथे सुस्कारा आहे. आणि कुणी कसं चाललंय विचारलं तर नुसतं 'निवांत!' एवढंही उत्तर पुरतं.

सूर बदलला की हाच शब्द टोचतो. भुसावळ स्टेशनवर गाडी फलाटाला लागतेय आणि नवरा अजून वडापावच्या गाड्यावर, तेव्हा बायको म्हणते, 'तुमचं बाई अगदी निवांत असतं!' हे कौतुक नाही. सरकारी कचेरीत 'निवांत या पुढच्या आठवड्यात' असं सांगितलं तर पुढच्या आठवड्यातही काम होईलच असं नाही. तुमच्या काकांनी ही भाषा आयुष्यभर ऐकली असणार, म्हणूनच ते उसळले.

हिंदीतून आलेल्यांना 'स्वस्थ' हमखास फसवतो. तुमच्याकडे स्वस्थ म्हणजे तब्येतीनं ठणठणीत. आमच्याकडे 'स्वस्थ बस' म्हणजे चुळबुळ करू नकोस, आणि 'प्रशासन स्वस्थ बसलंय' ही उघड तक्रार असते. तब्येत विचारायची असेल तर सरळ 'तब्येत बरी आहे ना?' विचारा. 'शांत'ही जपून वापरा. 'काल रात्री आजोबा शांत झाले' हे वाक्य कानावर आलं तर आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघा, कारण गेले हे सांगायचीही ती एक रीत आहे.

राहिला काउंटरचा प्रश्न. व्याकरणाच्या हिशेबानं तिथे 'शांत व्हा' बरोबर. पण चिडलेल्या माणसाला तेही म्हणू नका, कुठल्याच भाषेत ते लागू पडत नाही. 'बसा काका, पाणी घ्या, पासबुक द्या इकडे, बघतो काय झालंय ते' म्हणा, आणि खरंच लगेच बघा.